सेनापतीच्या तोंडची ओळ

गोपिका रामटेके हिच्या ओठांवर एका अख्ख्या ग्रहाचा कारभार चालत होता. पण मंगळवारी संध्याकाळी टीव्हीपुढं सतरंजी टाकून बसणाऱ्या लोकांना हे काय माहीत! त्यांना दिसायचा तो सेनापती रुद्रांक. काय त्याचा रुबाब, काय तो आवाज, आणि काय एकेक वाक्य! त्या वाक्यामागं चष्मा लावलेली, चाळिशीची एक सडपातळ बाई कॅमेऱ्याच्या पायाशी मांडी घालून बसलेली असते, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तो ग्रह होता कळमन्याकडच्या एका रिकाम्या गोदामात. साल सत्त्याऐंशी, महिना मे, आणि डोक्यावर टिनाचं छप्पर. नागपूरचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मांडववाल्यानं बांबूवर चंदेरी कागद ताणून घुमट उभा केला होता. सैनिकांची शिरस्त्राणं म्हणजे इतवारी बाजारातले जर्मनचे गंज, म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली, डोळ्यांपुरती भोकं पाडलेली. कॅमेरा सुरू झाला की आवाज नको म्हणून कूलर बंद व्हायचा, आणि त्या गंजांत बिचाऱ्या सैनिकांची डोकी शिजायची. कोपऱ्यांत तुरीचा भुसा अजून पडलेला होता, त्यामुळं ऐन लढाईत कोणी ना कोणी शिंकायचंच.

मालिकेचं नाव 'दोन घुमट'. लिहिली होती उत्तरा घाटे यांनी. सरकारी कचेरीत फायली चालवणारी ही बाई नवऱ्याचा डबा आणि सासूचं औषधपाणी यांतून वेळ काढून दुसऱ्या ग्रहावरचं राजकारण लिहायची. आणि लिहायची तेही असं, की वाचणाऱ्यानं पान उलटायच्या आधी पाणी प्यावं.

गोष्ट साधी होती. दूरच्या एका ग्रहावर श्वास घेण्याजोगी हवा नाही, म्हणून माणसं दोन घुमटांत राहतात. वरच्या घुमटात मानकरी, खालच्यात राबणारे. हवा बनवणारं मोठं चाक खालच्यांनी बांधलं, आणि त्याची किल्लीही त्यांच्याकडंच. बाहेरून रेतीवाले चाल करून येतात, म्हणून दोन्ही घुमट युती करतात. पण वरचे लेकाचे गुपचूप रेतीवाल्यांशीही बोलणी लावतात. रुद्रांक हा खालच्यांचा सेनापती, आणि त्याची बायको वरच्या घुमटाची लेक. आता त्यानं कोणाचं व्हायचं? बारा भाग हीच ओढाताण. तेराव्या, म्हणजे शेवटच्या भागात वरच्यांचा दूत येतो आणि म्हणतो, युती टिकवायची तर किल्ली आमच्या हाती द्या.

रुद्रांकाचं काम करायचा कवडू शेंडे. भंडारा-चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात, तिथला हा तीस वर्षं मुरलेला राजा. सहा फूट उंची, घंटेसारखा आवाज, आणि अक्षरओळख शून्य. झाडीपट्टीत त्याचं काही अडत नसे, कारण तिथं नट नाटक पाठ करतच नाहीत. रंगमंचापुढं खड्ड्यात प्रॉम्प्टर बसतो, तो वाक्य देतो, नट उचलतो. कवडूला घरी एखादं वाक्य पाठ करायला लावलं, तर दिव्याचा झोत डोळ्यांवर पडताक्षणी त्याच्या डोक्यातलं सगळं साफ धुऊन निघायचं. समोर प्रॉम्प्टर असला की मात्र हाच माणूस सिंह.

गोपिकाचे वडील देवराव हे त्या खड्ड्यातले नामांकित प्रॉम्प्टर. ते थकल्यावर गोपिका बसू लागली. बाई खड्ड्यात बसते म्हणून लोक आधी हसले, मग तिची सवय झाली, मग तिच्यावाचून अडू लागलं. एकदा नवरगावच्या प्रयोगाच्या आधी तिचा घसाच बसला. आवाज फुटेना. तेव्हा तिनं अख्खं पाच अंकी नाटक नुसत्या ओठांनी दिलं, आणि कवडूनं ते ओठांवरून उचललं. एक अक्षर सांडलं नाही! म्हणून तर टीव्हीवाल्यांनी ही जोडी घेतली. माइकमध्ये प्रॉम्प्टरचा आवाज शिरायची भीती नाही, आणि राजाला वाक्यांची ददात नाही.

देवरावांनी लेकीला एकच कायदा शिकवला होता. पहिल्या दिवशी लेखक स्वतःच्या हातानं वही प्रॉम्प्टरच्या हातात देतो. त्यानंतर त्या वहीत रेघ मारायचा हक्क फक्त लेखकाचा. मालक असो, नट असो, नाहीतर गावचा पाटील असो, कोणी सांगितलं म्हणून प्रॉम्प्टरनं काना-मात्रा बदलायची नाही. गोपिकानं बावीस वर्षं हा कायदा असा पाळला होता, की मालक लोक तिला मागून 'हवालदारीण' म्हणायचे. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

भानगड झाली ती शेवटच्या भागाच्या चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी.

मालिकेचे निर्माते भैय्याजी. इतवारीत भांड्यांची ठोक पेढी, गळ्यात सोन्याची साखळी, आणि मनात महापालिकेची निवडणूक. मार्चपर्यंत दुसऱ्या पक्षाच्या ज्या मोठ्या साहेबांना ते भर सभेत 'पाणीचोर' म्हणत होते, त्यांच्याच गळ्यात त्यांनी एप्रिलमध्ये हार घातला. युती झाली म्हणे! आणि त्या मोठ्या साहेबांनी एका मंगळवारी टीव्ही पाहता पाहता सहज विचारलं, "भैय्याजी, हा वरचा घुमट म्हणजे कोण हो?"

बस्स. भैय्याजींची झोप उडाली. मालिका सुरू झाली तेव्हा वरच्या घुमटात हेच साहेब दिसतात म्हणून आपणच किती खूश होतो, हे ते साफ विसरले. दुपारी गोदामात आले आणि दिग्दर्शक शरच्चंद्र बक्षींना बाजूला घेऊन फर्मावलं, की शेवट बदला. रुद्रांक किल्ली देतो, वरच्यांच्या पाया पडतो, युती अमर होते, समाप्त.

शरच्चंद्र नाटकातला जाणता माणूस. पण त्यांचा कणा म्हणाल तर उन्हाळ्यात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा. मान डोलवत ते गोपिकाकडं आले.

"गोपिकाबाई, उद्याच्या शेवटच्या प्रवेशात थोडा बदल आहे. मी सांगतो तसं लिहून घ्या."

"वहीत रेघ कोणाची?" गोपिकानं विचारलं.

"अहो, रेघ-बिघ काय? निर्मात्यांची इच्छा आहे."

"मग नाही होत सर. उत्तराबाईच्या हातची रेघ आणा."

मागून भैय्याजी आलेच. "क्या बाई, क्या नाटक लगा रखा है? पुढच्या मालिकेत तुमची परमनंट जागा ठेवली आहे मी. कवडूची बी. अन् तुम्ही दोन ओळींसाठी अडून राहिल्या?"

"दोन ओळी कुठं, भैय्याजी? सेनापतीच पालटून राहिले तुम्ही," गोपिका म्हणाली. "बारा भाग ज्यानं किल्ली छातीशी धरली, तो तेराव्यात पायावर ठेवील? काहून ठेवील? लोक बह्याड आहेत का?"

"ते माझं मी पाहीन. तुम्ही फक्त ओठ हलवा."

हे वाक्य तिला असं लागलं, की घरी जाऊन तिनं भाकरी थापली ती सगळी वेडीवाकडी. ओठ हलवा म्हणे! बावीस वर्षांचं काम म्हणजे ओठ हलवणं? ती स्वतःशीच चिडत राहिली. मग चिडता चिडता तिच्या ध्यानात आलं, की राग भैय्याजींचा नाहीच. राग त्या नव्या ओळीचा आहे.

कारण असं, की बावीस वर्षं तिनं शेकडो तोंडांत 'महाराज, चरणाशी जागा द्या' घातलं होतं. शेतकरी पाया पडायचा, सून पाया पडायची, चोर पडायचा, सावही पडायचा. वहीत असायचं, ती द्यायची. कधी कुरकुर नाही. पण छप्पन साली नागपुरात देवरावांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा नऊ वर्षांची गोपिका त्यांचं बोट धरून त्या गर्दीत उभी होती. घरी येताना बाप म्हणाला होता, "पोरी, आता आपण कोणाच्या पायाशी नाही." आणि तीच पोरगी मोठी होऊन जन्मभर दुसऱ्यांना पायाशी बसवण्याची वाक्यं देत राहिली. पोटासाठी, कायद्यानं, इमानदारीनं. उत्तराबाईंच्या वहीत पहिल्यांदा एक माणूस उभ्या उभ्या 'नाही' म्हणत होता. शेवटच्या पानावरची ती ओळ पहिल्या दिवशी वाचली, तेव्हापासून गोपिका ती द्यायची वाट पाहत होती. ती ओळ आपल्या ओठांवरून कवडूच्या तोंडात जाताना कशी लागेल, हे ती मनातल्या मनात किती वेळा चाखून बसली होती! आणि आता तिच्या जागी पुन्हा तेच चरण.

"माझ्या तोंडातून हे जाणार नाही," ती चुलीपुढं मोठ्यानं म्हणाली. तिची आई पार्वतीबाई दारात गहू निवडत बसली होती. तिनं विचारलं, "काय जाणार नाही वं?" गोपिका म्हणाली, "काही नाही माय." पण ठरलं ते ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोदामात पोचली, तर कवडू दारातच भेटला. सेनापतीचा अर्धा पोशाख अंगावर, हातात चहाची बशी.

"गोपिके, भैय्याजीनं मले सांगतलं. किल्ली देऊन टाकाची म्हणते. आता मी काय करू वं?"

"तुले काय वाटते गा दादा?"

"मले काय वाटाचं आहे? मी तुह्या ओठावर जगतो. तू देशील ते बोलतो." त्यानं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "पण खरं सांगू? इतवारीत ठेलेवाले मले पाहून काय ओरडतात माहीत आहे? 'सेनापती, किल्ली देऊ नका!' परवा एका म्हातारीनं माह्या पायावर हात ठेवला अन् म्हणे, बाबू, देजो नको. मी म्हटलं, नाही देत माय. आता थे म्हातारी पुढच्या मंगळवारी टीव्हीपुढं बसन."

त्याच वेळी सायकलरिक्षातून उत्तराबाई उतरल्या. डोळे लाल. हातात स्वतःचं पेन.

एरवी उत्तराबाई आल्या की आधी सगळ्यांपुढं नवा भाग वाचून दाखवायच्या, नटांची चेष्टामस्करी चालायची, कवडू त्यांच्या प्रत्येक वाक्यावर 'वा बाई' म्हणायचा. आज त्या कोणाकडं न पाहता थेट गोपिकाजवळ आल्या.

"वही द्या."

गोपिकानं दिली. उत्तराबाईंनी शेवटचं पान काढलं, उभ्या उभ्याच त्यावर आडवी रेघ मारली, आणि पर्समधून एक नवा कागद काढून मध्ये ठेवला. रेघ सरळ आली. त्यांचीच रेघ. कायद्याची.

"काल संध्याकाळी भैय्याजी आमच्याकडं आले होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणाले, मोठ्या साहेबांच्या एका शब्दावर माझी बदली गडचिरोलीला होईल. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, गोपिकाबाई. मी गेले तर त्यांचं कोण करणार? एका मालिकेसाठी..."

आता पाहा, गोपिकाची काय गोची झाली. ज्या कायद्याच्या आडोशाला ती काल ताठ उभी राहिली होती, तोच कायदा आज उलटून तिच्यासमोर उभा होता. लेखकानंच रेघ मारली. आता नाही म्हणायचं ते कोणत्या तोंडानं?

ती वही मांडीवर घेऊन बसली. नवा कागद वाचला. अकरा ओळी. प्रत्येक ओळीत एकदा तरी 'चरण', 'कृपा' नाहीतर 'थोरवी'. उत्तराबाईंनीच लिहिलेलं, पण जणू कोणी त्यांचा हात धरून लिहवून घेतलेलं.

"रेघ तुमची आहे," शेवटी गोपिका म्हणाली. "मी मानली."

उत्तराबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे द्याल ना?"

"नाही."

"अहो पण..."

"वही मानली, बाई. माझ्या बापाचा कायदा मोडणार नाही. या वहीत आता हेच आहे, अन् आज इथं दुसरं काही मी देणार नाही. चोरून जुनी ओळ कवडूदादाच्या तोंडात घालीन, असं बी नाही. त्याची पुढची मालिका जाईन, त्याले फसवून काहून घालवू? पण हे मी देणार नाही. ज्याचा शब्द आहे, त्यानं द्यावा." तिनं कॅमेऱ्याच्या पायाशी आपण बसायची ती जागा दाखवली. "बसा तुम्ही."

"मी? मला कुठं येतं प्रॉम्प्टिंग?"

"मी शिकवते. तोंड पुरं उघडाचं. एकेक शब्द सुटा. आवाज नाही. अन् त्याच्या डोळ्यात पाहाचं, कागदात नाही. कागदात पाहिलं, की तो हरवला समजा."

भैय्याजींना हे कळलं तेव्हा ते खवळले. "ये क्या तमाशा है!" म्हणून त्यांनी आधी शरच्चंद्रांच्या मदतनिसाला तिथं बसवलं. त्यानं भराभर ओठ हलवले. कवडू त्याच्याकडं पाहत राहिला, पाहत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "हा पोट्टा पान चघळून राहिला का?" सैनिक गंजांच्या आत हसले. दुसऱ्या खेपेला कवडू एका ओळीपर्यंत पोचला आणि पुढं पार आंधळा झाला. तिसऱ्या खेपेला कोणीतरी शिंकलं. घड्याळात चार वाजले होते. टेप संध्याकाळच्या मेलनं मुंबईला जायची होती, आणि कॅमेऱ्याचं भाड्यानं आणलेलं सामानही त्याच गाडीनं परत जाणार होतं. शेवटचा भाग मंगळवारी लागणार, हे तर वर्तमानपत्रात छापूनही आलं होतं.

भैय्याजींनी कपाळ पुसलं. "ठीक आहे. घाटेबाई, बसा तुम्ही. तुमचे ओठ तो ओळखतो. बारा भाग वाचून दाखवले आहेत तुम्ही."

उत्तराबाई बसल्या. पातळ सावरून, मांडी घालून, गुडघ्यावर वही. गोपिका त्यांच्या मागं, एका बांबूला टेकून उभी राहिली. कूलर बंद झाला. गोदामात एकदम अशी शांतता पसरली, की छपरावर तापून वाजणारं टिन ऐकू यायला लागलं. कॅमेरामन गिरिधरनं मान हलवली. शरच्चंद्र म्हणाले, "चला. सुरू."

दूताचं काम करणाऱ्यानं आपलं वाक्य पाठ केलेलं होतं. तो पुढं आला, हात पसरला आणि म्हणाला, "सेनापती, युती राखायची असेल तर किल्ली आमच्या हाती द्या."

कवडूनं कमरेची किल्ली काढली. दोन्ही हातांत धरली. ठरल्याप्रमाणं एक गुडघा वाकवायला लागला, आणि त्याची नजर उत्तराबाईंच्या ओठांवर आली.

उत्तराबाईंनी तोंड उघडलं.

मागून गोपिकाला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नुसती पाठ दिसत होती, घामानं भिजलेला ब्लाउज, आणि वहीवर घट्ट आवळलेली बोटं. तिला वाटलं, झालं. आता पहिला शब्द जाईल. मग दुसरा. तिच्या छातीत असं धडधडायला लागलं, की ते माइकमध्ये जाईल की काय अशी तिला भीती वाटली. आपण हे काय करून बसलो? स्वतःचं तोंड वाचवायला या बाईला पुढं केलं? तिची सासू, तिची बदली, तिचं घर, आणि आपण काय तर इमान सांभाळून राहिलो! एक पाऊल पुढं टाकून त्यांना उठवावं आणि आपणच बसावं, असं तिच्या पार मनात येऊन गेलं.

पण कवडू काहीच बोलत नव्हता. अर्धा वाकलेला, किल्ली पुढं धरलेला, नजर बाईंच्या तोंडावर. म्हणजे बाईंनी अजून काही दिलंच नव्हतं. तोंड उघडं होतं, शब्द येत नव्हता. एवढा वेळ कॅमेऱ्यापुढं कोणी गप्प बसत नाही हो! दूत घाबरून इकडंतिकडं पाहायला लागला. भैय्याजी खुर्चीतून अर्धे उठले.

तेवढ्यात उत्तराबाईंच्या बोटांनी वही मिटली.

आणि गोपिकानं पाहिलं, की कवडूचा चेहरा बदलला. वाकलेला गुडघा हळूहळू सरळ झाला. पुढं केलेले हात मागं आले. सहा फुटांचा तो माणूस पूर्ण उभा राहिला, किल्ली छातीशी धरली, आणि त्या घंटेसारख्या आवाजात एकेक शब्द सुटा करून म्हणाला:

"युती बरोबरीच्यांत होते. किल्ली देऊन जी होते, तिला शरणागती म्हणतात. चाक आम्ही बांधलं. हवा तुम्हालाही देतो, आम्हीही घेतो. पण किल्ली देत नाही."

कॅमेरा चालूच होता. मग गंज घातलेल्या सैनिकांतून एक जण, कोणी सांगितलं नसताना, सेनापतीच्या मागं येऊन उभा राहिला. मग दुसरा. मग सगळेच.

"कट," शरच्चंद्र म्हणाले.

भैय्याजी धावतच आले. "क्या बोला ये? कोणी सांगितलं हे बोलायला? दुबारा लो! बक्षी, पुन्हा घ्या!"

शरच्चंद्रांनी घड्याळाकडं पाहिलं. मग गिरिधरकडं पाहिलं. गोपिकाला ठाऊक होतं, आणि त्या दोघांनाही ठाऊक होतं, की पेटीत अजून एक कोरी टेप आहे. सकाळीच तिनं ती पाहिली होती.

"टेप संपली, भैय्याजी," शरच्चंद्र म्हणाले. आवाज जरा कापला, पण म्हणाले.

"खरंच संपली सर," गिरिधर म्हणाला आणि कॅमेऱ्यावर कापड टाकायला लागला.

भैय्याजींनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. कवडूकडं पाहिलं, तर तो किल्ली कमरेला बांधत होता.

"मले काय म्हणता भैय्याजी?" कवडू म्हणाला. "जे दिलं थे बोललो. तीस वर्षांत दुसरं काही केलं का मी?"

"तुझी पुढची मालिका गेली, समजला? अन् गोपिकाबाई, तुम्ही बी. दोघांनी माझ्या गोदामात पाय नाही ठेवायचा." मग त्यांना आठवलं, की मंगळवार तोंडावर आहे, आणि रिकामा पडदा दाखवण्यापेक्षा हा शेवट बरा. मोठ्या साहेबांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत, कोणाशी तरी हिंदीत भांडत ते मोटारीकडं गेले.

सामान बांधाबांध सुरू झाली. सैनिकांनी गंज काढले, ओल्या केसांचे पोरगेलेसे चेहरे बाहेर आले, कोणीतरी कूलर लावला. उत्तराबाई मात्र तिथंच बसून होत्या. मिटलेली वही मांडीवर, तोंड कोरडं पडलेलं. गोपिकानं पाण्याचा लोटा आणून त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसली.

"माझी बदली होणार आता," उत्तराबाई म्हणाल्या.

"होईन," गोपिका म्हणाली. खोटा धीर देणं तिला कधी जमलंच नव्हतं. "तुम्ही जाल तवा तुमच्या सासूबाईकडं मी येईन. माह्यापाशी आता टाइमच टाइम आहे. माझी माय बी सोबत येईन, तिले बोलाले कोणी पाहिजेच असते."

उत्तराबाईंना हसू आलं आणि रडूही. पाणी पिऊन त्यांनी लोटा खाली ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं ना, मी जुनंच देईन म्हणून? त्यासाठीच बसवलंत मला."

"नाही बाई. मले वाटलं, नवीनच देसान."

"आणि मी नवं दिलं असतं तर?"

"तर कवडूदादानं थेच म्हटलं असतं, अन् तुम्ही आपल्या घरी गेल्या असत्या, मी माह्या. मी खूप रडली असती." गोपिकानं चष्मा काढून पदरानं पुसला. "पण थे माझ्या तोंडातून गेलं नसतं."